पेटीबरोबर गोधडीही गेली

१

पेटीवरचं कापड ओढलं, तर खालून बालवाडीच्या खेळण्यांचं खोकं निघालं.

रविवारची सकाळ होती. संध्याकाळी आमच्या नेरूळच्या समाजमंदिरात नाटकाची निवड चाचणी होती, म्हणून सतरंज्या अंथरायला आम्ही काही उत्साही मंडळी लवकर जमलो होतो. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पेटीचा आकार जसाच्या तसा होता. कापडाच्या नाड्यासुद्धा नीट बांधलेल्या. पण आत एक लाकडी घोडा, भिंगऱ्या आणि रंग उडालेले ठोकळे. सिताराम मास्तरांची बाजाची पेटी गेली होती.

नाटक माझं होतं. मी जयप्रकाश, तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सचा क्लार्क. दिवसभर नटबोल्ट देतो-घेतो आणि येताजाता बसमध्ये खून रचतो. शहाऐंशी साल. कॉलनी नवी कोरी, भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा आणि जिन्यात भेटलेली माणसं एकमेकांकडे भाडेकरूसारखी बघायची. माणसं जवळ आणायची तर एखादा खून हवा, असं मला वाटलं आणि मी ‘संगीत खुनी कोण, तुम्हीच सांगा’ लिहून काढलं.

त्यात गंमत अशी होती की खुनी मीही ठरवला नव्हता. तिसऱ्या अंकात नाटक थांबायचं, संशयित रांगेत उभे राहायचे, प्रेक्षकांनी त्यांना वाटेल ते विचारायचं आणि शेवटी खुनी निवडायचा. ज्याचं नाव येईल त्याने तिथल्या तिथे कबुलीचं पद सुरू करायचं. आता गाणारा ज्या सुराला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. संगीत नाटकात कोण केव्हा कुठल्या पट्टीत गाणार हे पेटीवाल्याला आधीपासून पाठ असतं. माझ्या नाटकात तसं काही नव्हतं. म्हणून चाचणीचा नियमही मी तसाच केला होता. उमेदवाराने पट्टी न सांगता एकदम गायला लागायचं आणि मास्तरांनी पेटीवर त्याचा सूर पकडायचा. हा नियम सुचल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश होतो.

सिताराम मास्तर म्हणजे कॉलनीचं वैभव. तरुणपणी जलशांत, मग गिरणगावातल्या कामगार नाटकांत त्यांनी पेटी वाजवली होती. बायको गेली, मुलगा बडोद्याला, आणि मास्तर समाजमंदिराच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे. त्यांचं दार दिवसभर उघडंच असायचं. आपण आत गेलो की चहा आणि न थांबणाऱ्या गोष्टी. पेटी त्यांची स्वतःची होती, पण तालमींसाठी त्यांनी ती समाजमंदिरात ठेवली होती. तिच्याजवळ कुणी शिंकलं तरी ते रागवायचे.

आज मात्र ते रागावले नाहीत. खिडकीशी उभं राहून ते रिकाम्या कापडाची घडी घालत राहिले.

“टेन्शन कशाला घ्यायचं? सरळ हिशोब हाय,” त्यांच्या पाठीमागून आमचे सेक्रेटरी सुभाष म्हणाले. “किल्ल्या तीनच. एक माझी, एक मास्तरांची, एक बालवाडीच्या बाईंची. आणि खोकं कुणाचं? बालवाडीचं. आमी काय बोलायचं आता.”

समाजमंदिरातच भरणाऱ्या बालवाडीच्या बाई, म्हणजे शेजारच्या शिरवणे गावची पुतळा मढवी, दारातच उभी होती. चाचणीला तिनेही नाव दिलं होतं. गेल्या आठवड्यातल्या तालमीत तिचं पेटीशी अजिबात जमलं नव्हतं. पेटी एकीकडे आणि ती दुसरीकडे, अख्ख्या कॉलनीने ऐकलं होतं.

“मी नाय नेली,” ती म्हणाली. “मी कनाला नेऊ?”

“पेटी नसली की तुमचं फावतं म्हणून,” सुभाष म्हणाले. “संध्याकाळपर्यंत पेटी आली नाही, तर बालवाडीची किल्ली परत द्यायची. गाण्याचं तर विसराच.”

पुतळाने मास्तरांकडे पाहिलं. तालमीला आल्यापासून मास्तरांनी तिला मुलीसारखं वागवलं होतं. ते एक शब्द बोलले असते तर सुभाष गप्प बसले असते. मास्तर वळले, सगळ्यांकडे बघून छान हसले, घडी केलेलं कापड काखेत मारलं आणि निघून गेले.

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

२

माझी बायको नंदिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. ट्रंक बोर्डावर बसून परगावचे कॉल जोडते. ती रहस्यकथा वाचत नाही. पहिल्या प्रकरणातच खुनी कळतो आणि मग उरलेलं पुस्तक उगाच वाचल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. माझ्या नाटकावर तिचं मत मी विचारलं नव्हतं.

ड्यूटीमुळे तिला तालमींना येता आलं नव्हतं. मी घरी येऊन घडलं ते सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती.

“पेटीखालची गोधडी?” तिने विचारलं.

“कुठली गोधडी?”

“अहो, मास्तर पेटी फरशीवर ठेवत नाहीत. त्यांच्या बायकोच्या लुगड्यांची गोधडी असते खाली. आणि कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाची पुरचुंडी.”

मी आठवून पाहिलं. कोपऱ्यात फक्त फरशी होती. गोधडी नव्हती आणि पुरचुंडीही.

“म्हणजे चोराने पेटीबरोबर तिचं अंथरूणही नेलं,” नंदिनी म्हणाली. “शनिवारी दुपारपर्यंत पेटी होती ना? मग त्यानंतर समाजमंदिराकडून कोण काय घेऊन आलं, कुणी पाहिलं असेल.”

“काल? काल कसं दिसणार कुणाला?”

घट बसायला आठवडा उरला होता. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणून कॉलनीतल्या बायकांनी शनिवारचं ऊन गाठलं होतं. समाजमंदिराजवळच्या नळावर ही गर्दी. रस्त्यात माणसं दिसतच नव्हती, नुसती गाठोडी चालत होती. मीसुद्धा दिवसभर हमाली केली होती. शेजारच्या वेणूबाईंची गादी, सुभाषच्या घरच्या सतरंज्या, मास्तरांची गोधडी, एवढी नावं मी तिला सांगितली; बाकी कुणाकुणाच्या ओझ्याला हात लावला ते मलाच आठवत नव्हतं.

नंदिनीने गवारीचं ताट बाजूला सारलं.

“पेटी गेल्याचं कळल्यावर मास्तर काय म्हणाले?”

“काही नाही. कापडाची घडी घातली.”

“ओल लागेल का, कुणी आपटली तर नसेल, काहीच नाही?”

“काहीच नाही. पुतळावर आळ आला तरी हसले आणि गेले. मला तर माणूसच कळला नाही.”

“आळ आला तेव्हा सुभाषभाऊ कुठे उभे होते?”

“मास्तरांच्या मागे. का?”

तिने हात पुसले. चपला घातल्या आणि म्हणाली, “चला. मला त्या मुलीची किल्ली जायला नकोय.”

३

सुभाषच्या घरी रंगीत टीव्ही नवा आला होता आणि त्यावर विणलेला रुमाल होता. सुभाष म्हणाले, “वहिनी, तुमी उगाच त्रास घेताय. केस क्लिअर हाय.”

“तुमच्या मीनाला नायिकेचं काम मिळावं, असं तुम्हाला वाटतं ना?” नंदिनीने विचारलं.

“वाटतं की. का नाही वाटणार? मास्तरांकडे लहानपणापास्नं शिकते ती.” मग तिचा रोख त्यांच्या ध्यानात आला. “एक मिनिट. पेटी असली तर माझी पोरगी जिंकते. ती पुतळा पेटीवर बेसूर होते, सगळ्यांनी ऐकलंय. मी कशाला पेटी पळवीन?”

हे खरं होतं. पेटी असण्यात सुभाषचाच फायदा होता.

मीना आतून पाणी घेऊन आली. बारीक चणीची, कॉलेजात जाणारी मुलगी. कबुलीचं पद मी तिलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं, पण परवाच्या तालमीत तिने माझी फार निराशा केली होती. ‘मीच केला गुन्हा, दिवा मालवा’ ही ओळ एका पट्टीत सुरू केली आणि ओळ संपेपर्यंत भलत्याच पट्टीत जाऊन बसली. मी सगळ्यांसमोर तिला बोललोही होतो. नंदिनीला मी हे घरी आल्या आल्या सांगितलं होतं.

“पट्टी का सोडलीस गं?” नंदिनीने तिला विचारलं.

“सुटली, काकू.”

“तुझी सुटत नाही. गणपतीत वीज गेली होती, पेटी ऐकू येत नव्हती इतका गलका होता, तेव्हासुद्धा नाही सुटली.”

मीना पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिली. “मास्तर माझ्या नेहमीच्या पट्टीत, काळी चारवर, वाजवत होते. मी जरा खाली सुरुवात केली होती. मग मी वर गेले.”

“म्हणजे तू चुकली नाहीस. तू सरकलीस.”

“काकू, पेटी मी घेतली नाही. शप्पथ.” ती हळूच म्हणाली, बाबांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. “पण नाही सापडली तर बरं होईल.”

मी काही विचारणार तेवढ्यात नंदिनीने माझा हात दाबला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून ती बाहेर पडली.

“तिनेच घेतली,” मी जिन्यात म्हणालो. “डोळ्यांत पाणी होतं तिच्या.”

“पाणी होतं,” नंदिनी म्हणाली. “पण ते चोराचं नव्हतं.”

४

शिरवण्यात पुतळाचं घर विचारावं लागलं नाही. तिची सासू बायजाबाई ही गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी तिचे धवले, म्हणजे लग्नगीतं, हवीत. ती गाऊ लागली की मांडव गप्प होतो. तिच्यामागून ते काम पुतळाकडे येणार होतं.

पुतळा चुलीपाशी बसली होती. रडून झालं होतं.

“मना नाटकान घेऊ नका,” ती म्हणाली. “पर बालवाडीची पोरा माझी हायेत. किल्ली नका नेऊ.”

“किल्लीचं सोड,” नंदिनी म्हणाली. “तू मला गाऊन दाखव. नाटकातलं पद.”

“पेटी नाय तं?”

“पेटी नाही म्हणूनच.”

पुतळाने पदर सारखा केला आणि गायला लागली. पहिल्या सुराबरोबर नंदिनीने चुलीजवळची पितळी भांडी एकेक करून अंगठीने वाजवली. एका कळशीचा नाद तिच्या सुराशी तंतोतंत जुळला. ती कळशी तिने पुढ्यात ओढून घेतली. पद लांब होतं, मीच लिहिलेलं असल्यामुळे जरा जास्तच लांब होतं. पुतळा वर गेली, खाली आली, मधे एकदा खोकलीही. शेवटचा सूर लागला तेव्हा नंदिनीने पुन्हा कळशीवर अंगठी मारली. दोन्ही सूर एकच होते.

मी गाण्यातला फार जाणकार नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. तिचा आवाज गोड नव्हता, भरीव होता. त्या आवाजात मी लिहिलेला खून खरा वाटला.

“ही बेसूर होते?” नंदिनीने मला विचारलं.

“पेटीबरोबर झाली होती. मी स्वतः ऐकलं. पेटी एक बोलत होती, ही एक.”

बायजाबाई इतका वेळ सुपात तांदूळ पाखडत होती. ती हात थांबवून म्हणाली, “आमचेत धवलारीन गाते न बाकीच्या तिचे मागशी येतान. ती कोनाचे मागशी जात नाय. माझी सून पेटीचे मागशी नाय गेली, त्यान तिचा काय चुकला?”

“काहीच नाही चुकलं,” नंदिनी म्हणाली आणि उठली. “पुतळा, संध्याकाळी ये. नक्की ये.”

बाहेर आल्यावर ती झपाझप चालायला लागली. मी मागून विचारलं, “आता कुठे?”

“पेटी आणायला.”

५

“अहो, नीट विचार करा,” ती चालता चालता म्हणाली. “विकायला नेणारा माणूस जुनी गोधडी नेत नाही. खोड्या काढणारा कडुनिंबाची पुरचुंडी नेत नाही. पेटीला ओल लागू नये, कसर लागू नये, असं वाटणाऱ्यानेच ती नेलीय.”

“असं तर फक्त मास्तरांनाच वाटेल.”

“हो.”

मी रस्त्यात थांबलो.

“काल सगळ्यांच्या गोधड्या नळावर धुवायला घरातून बाहेर येत होत्या,” ती म्हणाली. “मास्तरांच्या गोधडीला तुम्ही हात लावलात. ती कुठे चालली होती?”

“त्यांच्या घरात.”

“धुऊन आणली होती? ओली होती?”

मी आठवलं. माझा शर्ट कोरडा राहिला होता. “कोरडी होती. पण इतकी जड, की दोघांना उचलावी लागली. मी म्हटलं, मास्तर, केवढी जड हो. ते म्हणाले, हिची आठवण आहे, जड असणारच.” आणि मग मला माझीच लाज वाटली. पेटीचोरांच्या टोळीत मी होतो.

“पण स्वतःची पेटी स्वतः कशाला चोरायची?”

“ते त्यांनाच विचारू. आत गेलं की तुम्ही बोलायचं नाही.”

मास्तरांचं दार उघडं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. नंदिनी दारातूनच म्हणाली, “मास्तर, आत येऊ का?” मास्तर हलले नाहीत. ती त्यांच्या अगदी पाठीशी गेली. “मास्तर, स्टोव्हवर दूध उतू चाललंय.” मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. दूधबीध काही नव्हतं.

मग ती वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन बसली. मास्तर दचकले, आणि लगेच बोलायला लागले. “या या, नंदिनीबाई, केव्हा आलात? आमच्या वेळी एकदा असंच नाटकाच्या दिवशी...”

“मास्तर,” तिने त्यांचा हात धरला. प्रत्येक शब्द वेगळा करून ती म्हणाली, “ज्याला कमी ऐकू येतं ना, तो फोनवर थांबतच नाही. सतत बोलतो. म्हणजे समोरच्याचं ऐकायची वेळच येत नाही. आम्ही बोर्डावर रोज अनुभवतो. आणि त्याचं दार कायम उघडं असतं, कारण बेल ऐकू येत नाही.”

मास्तर बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी पायाने पलंगाखालची चादर बाजूला केली. पेटी तिथे होती, गोधडीत गुंडाळलेली.

“ठरलेलं असेल ते अजून वाजवतो,” ते म्हणाले. “बोटांना पाठ आहे. पण यांचं नाटक. कोण उठणार, कुठून गाणार, काही पत्ता नाही. सूर पकडायचा तर ऐकू यायला हवं. पुतळा गायली तेव्हा मी काळी चार धरली. सवयीने. सगळ्यांची तोंडं वाकडी झालेली दिसली तेव्हा कळलं की कुणीतरी चुकतंय.”

“मग नाही म्हणायचं, मास्तर,” न राहवून मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून नंदिनीने ते पुन्हा सांगितलं.

“नाही म्हटलं की कारण विचारतात. आणि कारण कळलं की माणसं काय करतात, माहिती आहे? प्रेमाने बोलतात. मोठ्याने आणि प्रेमाने. पेटीवाल्याला कुणी कीव करून पेटीवर बसवलेलं मला नको. पेटी चोरीला गेली, म्हातारा हिरमुसला, मुलाकडे बडोद्याला गेला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं. कोऱ्या कॉलनीत माझी एवढीच ओळख आहे हो, पेटी वाजवणारा.”

“खोकं बालवाडीचं का ठेवलंत?”

“हाताला लागलं ते ठेवलं.”

“पुतळावर आळ आलाय, मास्तर. सकाळी, तुमच्या मागेच. तिची किल्ली काढून घेणार आहेत.”

मास्तरांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. सकाळी ते हसले होते, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि काय चाललंय ते त्यांना माहीतच नव्हतं.

“आत्ता चला,” ते उठले. “मी सांगतो सगळ्यांना.”

“पेटी तुम्ही भाता बघायला घरी नेली होती आणि सांगायचं राहिलं, एवढं पुरे,” नंदिनी म्हणाली. “आणि यांचा नियम आपण बदलू. गायच्या आधी प्रत्येकाने पेटीवर आपला सा बोटाने दाबून दाखवायचा. तुम्ही बघायचं आणि वाजवायचं.”

मी नियमाचा मालक होतो, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

६

संध्याकाळी समाजमंदिर गच्च भरलं. पेटी सापडल्याचं कळून सगळे सुखावले होते. सुभाषनी पुतळाला “सॉरी हां, बाई” म्हटलं, तेही चारचौघांत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

नवा नियम छान चालला. उमेदवार यायचे, पट्टीवर बोट ठेवायचे, मास्तर मान डोलवायचे आणि गाणं सुरू. कुणाला शंका आली नाही. मीना आली, काळी चार दाबली आणि सुरेख गायली. ज्या घरांतून आजवर फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या होत्या, त्या घरांतली माणसं गाताना बघून लोक हरखून गेले होते. मास्तर ताठ बसले होते. त्यांचं गुपित आम्ही दोघं आणि ते सांभाळायला परवा पट्टीतून सरकलेली मीना यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं आणि ते तसंच राहणार होतं.

मग पुतळाचं नाव पुकारलं.

ती पेटीपुढे आली आणि उभी राहिली. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांकडे तिने पाहिलं. बोट पुढे केलं, मागे घेतलं.

“मना नाय ठावं,” ती म्हणाली. “माझा सूर माझे गल्यान हाय. यान कुठं हाय ते मना काय ठावं?”

सभागृहात कुजबूज झाली. नंदिनीने माझ्याकडे पाहिलं. एवढी एक गोष्ट तिच्याही ध्यानात आली नव्हती. कुठल्याही पेटीशिवाय उभा मांडव सांभाळणारी मुलगी पट्टीवर बोट कसं ठेवणार होती?

“मग कसं जमायचं?” सुभाष म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आता डंख नव्हता. “नियम सगळ्यांना सारखा हाय. आणि तसंही पेटीबरोबर त्या बेसूर होतात.”

पुतळा मान खाली घालून मागे वळली आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला शोधायला लागली. मास्तर तिच्याकडे, मग सुभाषकडे, मग आमच्याकडे बघत होते.

“काय म्हणाले ते?” त्यांनी नंदिनीला विचारलं.

ती त्यांच्यासमोर गेली. खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, “पुतळा पेटीबरोबर बेसूर होते, असं म्हणाले.”

मास्तरांनी दोन्ही हात पेटीवरून उचलले.

“पुतळा, थांब,” ते म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा लागला. “बेसूर ती नव्हती. मी होतो. मला ऐकू येत नाही. वर्ष होऊन गेलं. पेटी मीच लपवली होती, हे नाटक टळावं म्हणून. भात्याबित्याला काही झालेलं नाही. नंदिनीबाईंनी सांगितला तसा सूर मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलाय, आणि हिचा ऐकलेलाच नाही.”

मग सुभाष लगबगीने पुढे गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, “मास्तर, काही हरकत नाही हो.”

“ओरडू नका,” मास्तर म्हणाले. “समोर येऊन बोला.”

सगळे हसले, मास्तरही हसले, आणि सभागृहात पुन्हा हवा आल्यासारखं झालं.

“गा,” मास्तरांनी पुतळाला खूण केली.

पुतळा होती तिथूनच, हातात एक चप्पल घेऊन, गायला लागली. मास्तरांचे हात पेटीवर तसेच थांबले होते. पहिली ओळ संपत आली तरी पेटी गप्प. तेव्हा मीना उठली. पुतळाला काम मिळालं तर तिचं जाणार होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती मास्तरांच्या शेजारी बसली, मान तिरकी करून ऐकलं आणि काळी पाचवर बोट ठेवलं. मास्तरांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांचे हात सुटले.

नायिका पुतळा झाली. मीना खुनी ठरू शकणारी धाकटी बहीण झाली, आणि शिवाय मास्तरांच्या शेजारची जागा तिची झाली. आता सावकाश बोला म्हणजे झालं, एवढंच मास्तर सगळ्यांना सांगत राहिले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

७

कोजागिरीला नाटक झालं. मसाला दुधाची पातेली एका बाजूला, प्रेक्षक एका बाजूला. शिरवण्याहून अर्धं गाव आलं होतं. तिसऱ्या अंकात मी ठरल्याप्रमाणे नाटक थांबवलं, संशयित रांगेत उभे राहिले आणि मी विचारलं, “सांगा, खुनी कोण?”

पहिल्या रांगेतून बायजाबाई उठली. तिने संशयितांकडे बघितलंच नाही. हात लांब करून ती म्हणाली, “त्यो पेटीवाला. पेटी लपवली ती त्यानच, खून बी त्याचाच.”

सगळं समाजमंदिर तिच्या बाजूने झालं. सुभाष तर खुर्चीवर उभे राहून मास्तरांकडे बोट दाखवत होते. मी हतबल झालो. पेटीवाल्याला नाटकात पदच नव्हतं. मीनाने मास्तरांना समोर बसून सांगितलं तेव्हा ते लाजले, आणि मग पेटी तिच्याकडे सरकवून उभे राहिले.

त्यांनी कबुलीचं पद सुरू केलं. तालमींत बघून बघून ते त्यांना पाठ झालं होतं. आवाज थकलेला, पण जागच्या जागी. मीना पेटीवर त्यांची पट्टी शोधायला लागली. एक दाबली, दुसरी दाबली, पुन्हा पहिली. मग तिने हात काढून घेतले. मास्तरांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लागला होता, जिथे कुठलीच पेटी जाऊ शकत नाही. ते एकटेच गात होते आणि त्यांना ते कळत नव्हतं.

तेव्हा रांगेतून पुतळा पुढे आली. ती त्यांच्यासमोर, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि मास्तर जिथे होते नेमक्या त्या जागी सूर लावून त्यांच्या मागून गायला लागली. मी पहिल्या रांगेत बायजाबाईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. मग तीही गायला लागली, तिच्यामागून शिरवण्याच्या बायका, आणि हळूहळू आमची कोरी कॉलनीसुद्धा.

मास्तरांनी पुतळाच्या ओठांकडे पाहिलं, आपण बरोबर आहोत याची खात्री करून घेतली आणि दुसरं कडवं सुरू केलं.